गुडघ्याआधी मांडी

गुडघा बदलायचा ठरला की आपल्या घरांत सगळ्यात आधी रजा ठरतात. दवाखान्यात रात्री कोण झोपणार, मुलगा पुण्याहून कधी निघणार, नातवंडांच्या परीक्षा कधी संपणार. मग विम्याची फाइल बाहेर निघते. मग कुठल्या कंपनीचा गुडघा, एकच की दोन्ही एकदम, शेजारच्या काकूंना कुठला बसवला आणि त्या आता किती चालतात. या सगळ्या यादीत एक गोष्ट कुठेच नसते. जिचा गुडघा आहे तिने तारखेपर्यंत काय करायचं? तिने म्हणे जपायचं. जिना चढायचा नाही, मंडईत जायचं नाही, दुपारी पाय वर करून पडायचं. 'आता थोडेच दिवस राहिलेत, कशाला ताण देतेस?' हे वाक्य प्रेमापोटीच बोललं जातं, आणि माझ्या मते गुडघ्याच्या रुग्णाचं जेवढं नुकसान हे वाक्य करतं तेवढं थंडीसुद्धा करत नसेल.

माझी मावशी सांगलीला असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभं आयुष्य उभं राहून काढलेली बाई. पंचाहत्तरी झाली तेव्हा एसटीचा प्रवास फुकट झाला, आणि नेमकी त्याच सुमाराला तिला एसटीची पहिली पायरी चढता येईनाशी झाली. सरकारने २०२२ साली पंचाहत्तरीच्या पुढच्यांचं तिकीट माफ केलं, पण पायरी होती तेवढीच उंच राहिली. दांडीला धरून, मागून कुणीतरी ढकलून ती दोन-चारदा मिरजेला गेली. मग एकदा कंडक्टर म्हणाला, "आजी, कशाला त्रास घेताय?" तेव्हापासून तिने जाणंच सोडलं.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, ग्रेड फोर. ही प्रतवारी १९५७ पासून चालत आलीय, केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांच्या नावाने. शून्यापासून चारपर्यंत. चार म्हणजे सांध्यातली फट जवळजवळ गेलेली, कडेला हाडाचे काटे वाढलेले, हाडाचा आकार बिघडलेला. आपल्याकडे याला वाटी घासली म्हणतात, गादी झिजली म्हणतात, वंगण संपलं म्हणतात. मावशीचे पाय गेल्या काही वर्षांत बाहेरून धनुष्यासारखे वाकले होते. ऑपरेशन करायचं यात वाद नव्हता. वाद झाला तो तारखेवरून. आमच्या मनात होतं, पुढच्या आठवड्यात उरकून टाकू. डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं, हात छातीवर घडी घालायला सांगितले आणि म्हणाले, उठा. ती उठली नाही. म्हणजे उठताच येईना. पुढे झुकली, परत मागे टेकली, आणि आमच्याकडे बघून हसली.

"सहा-आठ आठवडे थांबू," डॉक्टर म्हणाले. "तोवर फिजिओकडे जायचं. मी गाडीला चाक नवं बसवून देतो, मावशी. पण बैल तुमचेच राहणार."

बाहेर आल्यावर मावशी भडकली होती. "ज्या गुडघ्यानं चालवत नाही म्हणून आले, त्याच गुडघ्याला व्यायाम? मग ऑपरेशन कशाला करायचंय? आधी पाय बरा करा म्हणतोय आणि मग कापतो म्हणतोय!"

तिचं म्हणणं ऐकायला बिनतोड वाटतं. मीही त्यावर थोडं वाचलं, विचारलं. गुडघा दुखतो म्हणून माणूस कमी चालतो, कमी चालतो म्हणून मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाळतो, आणि तो वाळला की चालताना बसणारा हिसका झेलायला कुणी उरत नाही. तो थेट सांध्यावर जातो, आणखी दुखतं. एवढं तर आपल्याला अंदाजाने कळतं. पण यात एक विचित्र भर आहे. गुडघ्यात सूज असली की सांध्यातून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश त्या स्नायूला गप्प करतात. स्नायू जागेवर असतो, बाई मनापासून जोर लावत असते, पण तो पुरता आवळलाच जात नाही. तेव्हा 'आळस करतेय' म्हणून घरचे जे टोमणे मारतात त्यात काही अर्थ नसतो.

आणि ऑपरेशन काय करतं? झिजलेला पृष्ठभाग कापून तिथे धातू आणि प्लास्टिक बसवतं, वाकडा पाय सरळ करतं. दुखण्याचं मूळ जातं. स्नायू मात्र त्याच्या हातातला नाही. उलट, नंतर महिन्याभराने मोजलं तर मांडीच्या त्या स्नायूची ताकद ऑपरेशनच्या आधी होती त्याच्या निम्म्याहूनही खाली गेलेली आढळते. जी बाई हात न टेकता खुर्चीतून उठू शकत नाही, तिच्या ताकदीतून निम्मी वजा केली तर शिल्लक काय राहतं? कमोडवरून उठवायला दोन माणसं लागतात. डॉक्टर थांबा म्हणाले ते एवढ्यासाठी.

वयाचा हिशेबही यात आहे. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या, चांगल्या धडधाकट मंडळींना १० दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतला जवळपास किलोभर स्नायू गेला. त्यांचं काहीही दुखत नव्हतं, काही कापलेलं नव्हतं. आपल्याकडे 'जपून' राहणाऱ्या बायका महिनोन् महिने पडून असतात.

तर फिजिओ. पंचविशीतली मुलगी, स्कूटीवरून यायची, सॅक पाठीला. पहिल्या दिवशी तिने व्यायाम शिकवलाच नाही. मावशी कॉटवर पडली होती आणि सवयीप्रमाणे गुडघ्याखाली उशी घेतलेली. मुलीने आधी ती उशी काढून घेतली. मावशीला जणू कुणी गळ्यातलं काढून घेतलं! वर्षानुवर्षांची उशी ती. तिच्याशिवाय झोप लागत नाही. पण गुडघा सतत किंचित वाकलेला राहिला की मागच्या शिरा आणि सांध्याची पिशवी आखडते, पाय पूर्ण सरळ होईनासा होतो, आणि सरळ न होणाऱ्या पायावर चालणं म्हणजे कायम अर्धवट उठाबशीत चालणं. ऑपरेशनआधी गुडघा किती वाकतो आणि किती सरळ होतो, यावर नंतरची गत बरीचशी ठरते. खुर्चीतून नीट उठायला तो साधारण ९० अंशांपेक्षा थोडा जास्त वाकावा लागतो. मावशीचा कसाबसा तेवढा वाकत होता. सरळ मात्र होत नव्हता.

मग उशीऐवजी आली टॉवेलची गुंडाळी, तीसुद्धा टाचेखाली. गुडघा अधांतरी, त्याच्याच वजनाने खाली जाणारा. "काही करायचं नाही आजी, नुसतं पडून राहायचं." या नुसतं पडून राहण्याला मावशी दोन मिनिटांत घामाघूम. नंतर तीच गुंडाळी गुडघ्याखाली: गुडघा खाली दाबायचा, मांडी आवळायची, पाच आकडे म्हणायचे, सोडायचं. इथे मी जवळून पाहिलेली गोष्ट सांगते. पहिल्या दिवशी मावशी दाबत होती तेव्हा तिचे ओठ, कपाळ, मूठ सगळं आवळलं जात होतं, मांडी सोडून. मुलीने मावशीचाच तळहात तिच्या मांडीवर ठेवला. "इथे टणक लागतंय का बघा." लागत नव्हतं. मग मुलगी स्वतःची दोन बोटं वाटीच्या थोडं वर, आतल्या अंगाला टेकवून म्हणाली, "इथून दाबा." काही वेळाने त्या जागी कातडीखाली काहीतरी हललं, एखादी उचकी लागावी एवढंच. मावशीने मान उचलून बघितलं. "आलं की गं!" शाळेत पहिल्यांदा अक्षर लिहिणाऱ्या पोराला ती जे म्हणत असेल तेच.

आणि मोजायचं मोठ्याने. यामागे कारण आहे: मनात मोजलं की माणूस श्वास कोंडून धरतो आणि बीपी चढतं. मावशीला मोठ्याने पाढे म्हणायची सवय, त्यामुळे हा भाग सोपा गेला. शेजारच्या खोलीत आम्हाला दिवसातून तीनदा उजळणी ऐकू यायची.

पुढे पाय सरळ ठेवून वीतभर उचलणं, टाच सरकवत गुडघा वाकवणं, ओट्याला धरून टाचा उचलणं आलं. पण सगळ्यांत महत्त्वाचं मला वाटलं ते खुर्चीतून उठणं. आधी खुर्चीवर दोन जाड उश्या, मग एक, मग नुसती खुर्ची. हात आधी दोन्ही दांड्यांवर, मग एका, मग मांडीवर. दंडांचाही व्यायाम होता, कारण नंतर वॉकरवर भार हातांनीच द्यायचा असतो. दुखलं तर? मुलीचा नियम साधा होता: करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुखणं नेहमीच्या पातळीवर आलेलं पाहिजे. नाही आलं तर आज कमी करायचं. बंद नाही. कमी. मावशीने तिच्या जुन्या हजेरीपटासारख्या वहीत रकाने आखले आणि त्यात रोजचं दुखणं दहापैकी गुण देऊन लिहू लागली. गुण देण्यात ती नेहमीच कडक.

आता यातून मिळतं किती, हेही सांगायला हवं, कारण इंटरनेटवर व्यायामाची भक्ती करणारे आणि 'काही उपयोग नाही' म्हणणारे दोघंही तावातावाने बोलतात. ऑपरेशनपूर्वीच्या व्यायामाचा फायदा मुख्यतः सुरुवातीच्या काळात दिसतो: पहिले काही आठवडे, फार तर तीन महिने. ताकद बरी राहते, उठणं-बसणं लवकर जमतं. वर्षभराने बघितलं तर व्यायाम केलेले आणि न केलेले यांच्यात फारसं अंतर राहत नाही. यावर कुणी म्हणेल, मग कशाला उपद्व्याप? पण पंचाहत्तरीच्या बाईला ते पहिले सहा आठवडे म्हणजे काय असतात? पडणं तेव्हाच होतं, रक्ताची गाठ धरण्याची भीती तेव्हाच, न्यूमोनिया तेव्हाच आणि 'उगाच केलं ऑपरेशन' म्हणून उमेद सोडणंही तेव्हाच.

डेन्मार्कमधला एक अभ्यास मला या सगळ्यात फार विचार करायला लावणारा वाटला. गुडघा बदलायला पात्र ठरलेल्या १०० जणांचे दोन गट केले. दोन्ही गटांना १२ आठवडे देखरेखीखाली व्यायाम, आजाराची माहिती, वजनासाठी सल्ला, बुटाच्या आत घालायचे तळवे, गरजेपुरती गोळी. फरक इतकाच की एका गटाचा आधी गुडघा बदलला, दुसऱ्याचा नाही. २०१५ साली निकाल छापून आले. वर्षभरात ऑपरेशनवाल्यांची सुधारणा दुखणं आणि रोजची कामं मोजणाऱ्या शंभराच्या मापावर ३२.५ गुणांची, बिनऑपरेशनवाल्यांची १६ ची. म्हणजे ऑपरेशन ठळकपणे सरस. पण बिनऑपरेशनच्या ५० जणांपैकी वर्षभरात फक्त १३ जणांनी गुडघा बदलून घेतला, आणि गंभीर गुंतागुंती तिकडे ६ तर ऑपरेशनच्या गटात २४ झाल्या. त्याच देशात २०१३ पासून 'ग्लॅड' नावाचा कार्यक्रम चालतो: आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, फिजिओच्या देखरेखीखाली. पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडातही तो गेला. तिथे काही लोक ऑपरेशनची तयारी म्हणून येतात आणि 'सध्या नको' म्हणून घरी जातात.

हे मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "डेन्मार्कात संडास खाली बसायचे नसतात." आणि पुढे, "माझं करायचंच आहे. तू मला फूस लावू नकोस." तिचे वाकलेले पाय बघता तिचा निर्णय बरोबरच होता. पण ज्यांचा एक्स-रे दोन-तीन ग्रेडवर आहे आणि तरी कुठल्याशा शिबिरात 'दोन्ही गुडघे एकदम, पॅकेजमध्ये' अशी तारीख घेऊन आलेत, त्यांना डेन्मार्कचे ते ३७ जण कुणीतरी सांगायला हवेत. हल्ली वर्तमानपत्रात पानभर जाहिराती असतात, चोवीस तासांत चालायला लागा म्हणून. चोवीस तासांत वॉकर धरून उभं बहुतेकांना करतात, त्यात नवल काही नाही. प्रश्न पंचविसाव्या तासाचा असतो.

व्यायामाइतकंच बाकीचं रामायण होतं. मावशीची तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, वर होती. ती उतरली नाही तर जखमेत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि बसवलेल्या सांध्यात जंतू शिरले तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. हिमोग्लोबिन दहाच्या आत होतं; ऑपरेशनात रक्त जाणारच, मग आधी भरून घ्यायला नको? दाढ किडलेली, ती काढून घ्यायला लावली. पायाच्या बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यासुद्धा बघितल्या. हे सगळं दोन दिवसांत होत नाही, त्याला आठवडे लागतात, आणि तारीख घाईने घेतली की नेमकं हेच सुटतं.

फिजिओच्या दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या एक गोष्ट लक्षात आली. फॉर्मवर विचारलेलं असतं: धूम्रपान? आपल्या बायका अर्थातच 'नाही' लिहितात. तंबाखू खाता? नाही. मग ती मुलगी हळूच विचारायची, "मिशेरी लावता का हो?" आणि समोरची बाई निःसंकोच म्हणायची, "सकाळ-संध्याकाळ." मिशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, जखम भरायला वेळ लागतो. पण आमच्या भागात तिला कुणी व्यसन समजत नाही, ती दात घासण्यात मोडते. मुंबई-पुण्यात छापलेल्या फॉर्मला हे ठाऊक नसतं.

वजनावर बरीच वादावादी झाली. एक किलो वजन उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो, असं २००५ सालच्या एका अभ्यासात मोजलं गेलंय. हे ऐकून मावशीने उत्साहाने उपास वाढवले. चातुर्मास सुरू होता, सोमवार होताच, त्यात शनिवार घातला. आणि उपास म्हणजे साबुदाणा, रताळं, वरीचे तांदूळ. फिजिओ मुलगी पहिल्यांदा रागावलेली मी तेव्हा पाहिली. उपाशी राहून वजन उतरतं त्यात स्नायूही उतरतो, आणि आपण तर स्नायूसाठी धडपडतोय. मग तह झाला: सोमवार तेवढा राहील, त्या दिवशी दूध, ताक, मूठभर शेंगदाणे, बाकी दिवशी रोज मोड आलेली उसळ, वरणाची वाटी दुप्पट, भात निम्मा. अंडं? "या जन्मात नाही." तिथे कुणी ताणलं नाही.

घराची डागडुजी मामेभावाने अंगावर घेतली. कमोड होता, पण ठेंगणा. त्यावर उंची वाढवणारी प्लास्टिकची सीट आली, भिंतीला दांडी ठोकली. पायपुसणी सगळी उचलली. सगळ्यांत अवघड प्रश्न देवघराचा होता. ते जमिनीलगत, समोर पाट. मावशी गुडघ्यावर हात देऊन, भिंतीला धरून रोज त्या पाटावर बसायची आणि उठताना तिचा चेहरा बघवायचा नाही. देव टेबलावर ठेवायला ती तयार होईना. शेवटी तिनेच तोडगा काढला: देवघर तिथेच, पूजा सुनेने करायची, आणि हिने खुर्चीत बसून स्तोत्र म्हणायचं. सुनेच्या चुका काढण्याची सोय यात आपोआप झाली.

वॉकर ऑपरेशनच्या आधीच आणला. शेजारीपाजारी विचारायचे, झालं का ऑपरेशन? पण शुद्धीवर आल्यानंतर, टाके ओढत असताना, लघवीची नळी लावलेली असताना वॉकर पुढे की पाय पुढे हे शिकण्यापेक्षा आधी हसतखेळत शिकलेलं बरं. वॉकर, दुखरा पाय, चांगला पाय. जिन्यात चढताना चांगला आधी, उतरताना दुखरा आधी. अंगणातल्या तीन पायऱ्यांवर याची तालीम चालायची.

पैशांबद्दल एवढंच. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा आणली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत जीएसटी सोडून ५४,७२० रुपयांवर बांधली गेली. आता, धातूची किंमत सरकारने ठरवली, पण स्कूटीवरून येणाऱ्या मुलीच्या पावतीवर विमा कंपनी तीनदा शंका काढते. ऑपरेशनआधीच्या ठरावीक दिवसांचा खर्च देऊ असं पॉलिसीत लिहिलेलं असतं. 'घरी दिलेला व्यायाम' दिसला की त्यांना ते वाक्य दिसेनासं होतं. शस्त्रक्रियेवर लाखभर खुशाल खर्च होतात, आणि त्याआधीच्या दीड महिन्याला घरचे सुद्धा 'जास्तीचं' म्हणतात.

वाजपेयींच्या वेळेपासून हे आपल्याकडे घरोघरी पोचलं असं मला वाटतं. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान असताना त्यांचा एक गुडघा मुंबईत ब्रीच कँडीला बदलला, पुढच्या वर्षी जूनमध्ये दुसरा, न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. मावशी तेव्हा नोकरीत होती आणि स्टाफरूममध्ये पेपर वाचून दाखवायची. त्या बातम्यांत ऑपरेशन किती तास चाललं, पंतप्रधान कधी उभे राहिले, हे सगळं असायचं. आधीची तयारी बातमीत येत नाही. ती दिसायलाही कंटाळवाणी असते: टॉवेलची गुंडाळी, खुर्ची, आणि मोठ्याने म्हटलेले आकडे.

ऑपरेशन झालं, चारचौघांसारखं. दुखलं, पहिले दोन दिवस फारच. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओने पाय उचलायला सांगितला तेव्हा पाय वर यायला वेळ लागला, पण कुणी धरावं लागलं नाही. तिचं चालणं बघून आमच्यातले काही म्हणाले की व्यायामामुळेच, काही म्हणाले मुळात कष्टाचं शरीर. एका बाईच्या एका गुडघ्यावरून हे सिद्ध होत नाही, आणि ती व्यायाम न करती तर काय झालं असतं हे कुणालाच कळणार नाही. मला दिसलं ते इतकंच की कमोडवरून ती एका दांडीच्या आधाराने उठत होती आणि सुनेला दाराबाहेर उभी राहा म्हणत होती.

दुसरा गुडघा अजून बाकी आहे. डॉक्टर म्हणाले दिवाळीनंतर बघू. मावशीने तारीख मागितलेली नाही. स्कूटीवाल्या मुलीला मात्र सोमवारपासून यायला सांगितलंय, आणि वहीत उजव्या पायाचे नवे रकाने आखलेत.